हरलेल्या बाजूचा डिस्क-प्लेयर

मित्रांनो, मी एक जुना डिस्क-प्लेयर आहे. रंगाने काळा, अंगाने चपटा, पुढे एक छोटे दार. त्या दारातून डिस्क आत जायची आणि टीव्हीवर चित्र उमटायचे. आता ते दार उघडत नाही. माझ्या पोटात एक बाई बरीच वर्षे अर्धे वाक्य बोलून थांबली होती. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट सांगता येत नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तो काळ चुरशीचा होता. जुन्या डिस्कवर सिनेमा मावायचा, पण मोठ्या टीव्हीवर तो धुरकट दिसायचा. मग निळा-जांभळा प्रकाश वापरायचे ठरले. तो तांबड्या प्रकाशापेक्षा बारीक अक्षर वाचू शकतो, त्यामुळे तेवढ्याच डिस्कवर कितीतरी अधिक चित्र मावते. इथपर्यंत सगळ्यांचे एकमत होते. पण डिस्क कशी बनवायची यावर कंपन्यांचे दोन गट पडले. एका गटाच्या पद्धतीचे नाव ब्लू-रे आणि दुसऱ्याचे एचडी डीव्हीडी. दोन्हींच्या डिस्कचा आकार सारखा, प्रकाश सारखा, तरी एकीची डिस्क दुसरीच्या यंत्रात चालत नसे. मी एचडी डीव्हीडीच्या बाजूचा. माझ्याजवळ दोन प्रकाश होते: नव्या डिस्कसाठी निळा-जांभळा आणि जुन्या डिस्कसाठी तांबडा. हे लक्षात ठेवा.

दोन हजार आठ सालच्या सुरुवातीला आमची बाजू हरली. सिनेमावाले एकामागून एक पलीकडे गेले आणि आमची यंत्रे बनवणे बंद होणार असे जाहीर झाले. मी तेव्हा मस्कतच्या एका दुकानात खोक्यात बसून होतो. त्याच आठवड्यात एका माणसाने मला उचलले. इतके नवे यंत्र इतके स्वस्त कसे, असे त्याने दुकानदाराला विचारले नाही, आणि दुकानदारानेही सांगितले नाही.

तो माणूस प्रेमानंदचा साडू होता. प्रेमानंदचा चिखलीत फोटो आणि व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ होता. साडूने गावी येताना मला त्याच्यासाठी आणले तेव्हा प्रेमानंदला इतका आनंद झाला, की त्याने मला स्वतःजवळ न ठेवता उंद्रीला मोठ्या बहिणीच्या घरी नेले. बहिणीचे नाव सिंधूताई. तिचे यजमान माणिकराव गावच्या शाळेत शिक्षक होते.

"ताई, पुऱ्या तालुक्यात असं यंत्र नाही," प्रेमानंद म्हणाला.

"म्हनजे बिघडलं तर पुऱ्या तालुक्यात कोनाले दुरुस्तही करता येनार नाही," सिंधूताई म्हणाली. सगळे हसले. मीही त्या वेळी ते थट्टेवारीच नेले.

त्या वर्षी पावसाळाभर गावच्या बुद्धविहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन चालू होते. रोज संध्याकाळी पांढरे लुगडे नेसून सिंधूताई वाचायला बसायची. विहार घराला लागूनच होते. लोक म्हणत, की तिचे वाचन ऐकताना लहान मुलेसुद्धा चुळबुळ करत नाहीत. अश्विन पौर्णिमेला समाप्ती आणि खीरदान होते. त्या दिवशी प्रेमानंदने आपला नवा कॅमेरा आणला आणि बहिणीचे वाचन कॅसेटवर टिपून घेतले.

डिस्क त्याने खास माझ्यासाठी बनवली. नव्या जातीच्या कोऱ्या डिस्क चिखलीत मिळत नव्हत्या. मग त्याने दुकानातली साधी कोरी डिस्क घेतली आणि संगणकावर नव्या पद्धतीने तिच्यावर लिहिले. स्टुडिओतल्या जुन्या प्लेयरने ती घेतली नाही. 'डिस्क चालत नाही' एवढेच दाखवले. प्रेमानंदला त्याचाही अभिमान वाटला. "जुन्या प्लेयरच्या बापाच्यानंही हे वाचवत नाही," असे तो सगळ्यांना सांगत फिरला.

पुढे लग्नसराई आली. स्टुडिओची रीतच अशी, की गिऱ्हाइकाला डिस्क दिली की कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची. त्या कॅसेटवरही कोणाचे तरी लग्न चढले. आता सिंधूताईचे वाचन जगात एकाच ठिकाणी उरले होते. एका डिस्कवर. आणि ती वाचू शकणारा मी एकटा.

डिस्क पहिल्यांदा लावली तेव्हा खोली पाहुण्यांनी भरली होती. "माहे केस पाह्य कसे दिसून राह्यले," म्हणून सिंधूताई स्वतःच हसली, आणि त्या गलक्यात शेवटचे बोलणे कोणालाच ऐकू आले नाही. नंतर डिस्क कपाटात गेली. माणसे जवळ असतात तेव्हा त्यांची डिस्क कोण लावतो?

काही वर्षांनी सिंधूताई आजारपणात गेली. मुलगी सारिका तेव्हा अमरावतीला विज्ञान शिकत होती. वर्षभराने तिच्या स्मृतीचा, पुण्यानुमोदनाचा दिवस आला. सकाळचे सगळे आटोपून पाहुणे गेले. सारिका त्यांना सोडायला गेली आणि माणिकराव घरात एकटे राहिले. त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली आणि डिस्क आत सरकवली.

ती वाचू लागली. माणिकराव टीव्हीच्या अगदी जवळ बसले होते. वाचन संपले. लोकांनी "साधु, साधु, साधु" म्हटले. सिंधूताईने ग्रंथ मिटला, समोर पाहिले आणि म्हणाली, "खीर घेतल्याशिवाय कोनी जाऊ नका बरं. आन् सारिकाच्या बाबाले सांगा..."

तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली आणि वीज गेली.

वीज परत आली ती मोठ्या दाबाने. माझ्या आत काहीतरी जळाले. दिवा लागायचा, पण दार उघडेना आणि डिस्क फिरेना. माणिकरावांनी मला पोटाशी धरून चिखलीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेले.

"गुरुजी, याचे पार्ट भेटत नाहीत. ह्या मशीनी बननंच बंद झाल्या," तो म्हणाला. "फोडून डिस्क काढून देतो, पन तुटली तर माह्यावर येऊ नका. आन् काढली तरी लावसान कायच्यात? हे दुसऱ्या कशावर चालत नाही."

माणिकरावांनी मला परत घरी आणले. सारिकाने डिस्क मागितली तेव्हा ते म्हणाले, "हरवली."

सारिका म्हणाली, "एक गोष्ट होती सांभाळाले, बाबा. एकच."

माणिकरावांनी मला सिंधूताईच्या पांढऱ्या लुगड्यात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवले.

मित्रांनो, वीज नसताना माझ्यात काहीही चालू शकत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. फिरणारी डिस्क नाही, प्रकाश नाही, तर आवाज येणार कुठून? तरीही माळ्यावरच्या अंधारात मला ती ऐकू यायची. 'आन् सारिकाच्या बाबाले सांगा...' आणि मग काहीच नाही. पुन्हा तेच. काय सांगा? मीच तिला मध्ये तोडले होते, आणि उरलेले वाक्य माझ्याच पोटात होते. पण ते मला वाचता येत नव्हते.

आणखी एक आवाज होता. तिच्या बोलण्यामागे कुठेतरी पाणी पडत होते. बारीक आणि सारखे. पाऊस म्हणावा तर त्या दिवशीचे आभाळ कोरडे होते. पडद्यावर सगळीकडे ऊन होते. मग पाणी कुठे पडत होते? माळ्यावर उन्हाळ्यातल्या दुपारी पत्रे तापायचे, माझ्यातले रबर वितळून चिकट व्हायचे, आणि त्या कोरड्या आगीत ते पाणी मला ऐकू येत राहायचे. खाली माणिकराव एकटेच वावरत. कधी कधी ते शिडीवर चढून लुगड्यावर हात ठेवायचे आणि उतरायचे. त्यांनाही ते ऐकू येत असेल का, असे मला वाटे.

सारिका पुढे खामगावच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवू लागली. ती सुट्टीत यायची, स्वयंपाक करायची आणि औषधे आणून ठेवायची. पण बापलेकीचे बोलणे मोजकेच असे. दोघे आईचे नाव काढत नसत. ही शांतता माझ्यामुळे होती, आणि मी त्यांच्या डोक्यावरच होतो.

यंदा घराला रंग द्यायचे ठरले. सारिका माळा रिकामा करायला चढली. माणिकराव विहारात गेले होते. तिने गाठोडे खाली आणून सोडले. आईचे लुगडे पाहून ती तिथेच बसली. तिने ते तोंडाशी धरले, बराच वेळ धरले. मग घडी घालून कपाटात ठेवले. आणि मला अंगणात भंगारवाल्यापुढे ठेवले.

भंगारवाल्याने मला उचलून हलवले. "याच्यात लोखंड नाही, ताई. नुसतं प्लास्टिक हाय. पन आतमंदी खडखड करते काही तरी. तांबं असंन. फोडून पाहू?"

"पाहा," सारिका म्हणाली.

त्याने मला दगडावर ठेवले आणि हातोडी घेतली. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

"हात नको लावू बे त्याले!"

माणिकरावांना मी कधी इतक्या मोठ्याने बोलताना ऐकले नव्हते. भंगारवाला दचकून मागे सरला.

"काऊन बाबा?" सारिका म्हणाली. "कधीचं बंद पडलं हाय ते."

"तुही माय हाय त्याच्यात."

माणिकराव ओट्यावर टेकले. "डिस्क आतच हाय. हरवली नव्हती."

"मंग मले हरवली म्हनून काऊन सांगतलं? इतकी वर्षं, बाबा?"

"हाय म्हटलं असतं तर तू फोडाले लावलं असतं. तुह्या मामानं लावलं असतं. कोनी ना कोनी फोडलंच असतं. हरवली म्हटलं, म्हनून राह्यली. तू रागावली त रागावली. मी म्हटलं, आवाज त घरात हाय."

सारिकाने पदराने डोळे पुसले. मग ती भंगारवाल्याला म्हणाली, "तुमच्याजवळ पेचकस आहे?"

"हाय ना ताई. चार तोंडाचा पन हाय." त्याने आपल्या पिशवीतून तो काढून दिला, आणि हातगाडी तशीच सोडून स्वतः पाहायला उकिडवा बसला.

एकेक स्क्रू काढून तिने वाटीत ठेवला. झाकण उचलले तेव्हा ऊन माझ्या आत पडले. वितळलेले रबर तिने चिमट्याने दूर केले, वरची पकड हलकेच उचलली आणि डिस्क कडेने धरून बाहेर काढली. वर प्रेमानंदच्या अक्षरात लिहिले होते, 'ताई, वर्षावास समाप्ती'.

"आता काय उपयोग?" माणिकराव म्हणाले. "ते दुसऱ्या कशावर चालत नाही."

सारिकाने डिस्क उन्हात तिरपी केली. मधल्या गोलाजवळची बारीक छपाई वाचली. पुन्हा वाचली. "बाबा, ही नव्या जातीची डिस्क नाहीच. मामानं साध्या डिस्कवर लिवलं. ढंग नवा हाय, पन पाटी जुनीच. तांबड्या प्रकाशानं वाचता येते. फक्त वाचनाऱ्याले ती भाषा यायले पायजे."

मित्रांनो, मी त्या क्षणी थक्क झालो. ती डिस्क मी पहिल्यापासून तांबड्याच प्रकाशाने वाचत होतो. तरी मला वाटत राहिले, की हिला वाचणारा मी एकटाच, आणि माझ्याबरोबर हिचाही शेवट. हरलेल्या बाजूच्यांना असेच वाटत असावे.

सारिकाने लॅपटॉप आणला, त्यात ती भाषा समजणारा प्रोग्राम टाकला आणि त्याला डिस्क वाचायचे छोटे यंत्र जोडले. बराच वेळ नुसती फिरण्याची घरघर ऐकू आली. चित्र उमटले, फुटले, पुन्हा जुळले. मग सिंधूताई वाचू लागली. झाकण उघडे असलेला मी बाजूच्या ओट्यावर होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मला बाहेरून ऐकू येत होती.

तिने ग्रंथ मिटला. मागे ते पाणी पडतच होते. "खीर घेतल्याशिवाय कोनी जाऊ नका बरं. आन् सारिकाच्या बाबाले सांगा..."

चित्र अडकले. तिचे तोंड उघडे राहिले. माणिकरावांनी ओट्याची कड घट्ट धरली. सारिकाने कशालाच हात लावला नाही. डिस्क थांबली, अडखळली आणि पुन्हा फिरली.

"...मोटर बंद करा म्हना! टाकी कवाची वाहून राह्यली. सारं ध्यान खिरीत या मानसाचं!"

पडद्यावरचे विहार हसत सुटले. भंगारवालाही हसला आणि मग ओशाळला. सारिका रडता रडता हसत होती.

माणिकराव हसले नाहीत. ते उठले, चपला न घालता घरामागे मोटरीपाशी गेले. मोटर बंदच होती. त्यांनी बटण एकदा वर केले आणि खाली केले. मग तिथूनच, घरात कोणाला तरी ऐकू जावे अशा आवाजात, ते म्हणाले, "केली ओ. केली बंद."

सारिकाने त्या दिवशी त्या डिस्कच्या चार प्रती केल्या. एक खामगावला, एक मामाकडे, एक विहारात, एक बाबांच्या फोनवर. मला तिने भंगारात दिले नाही. स्क्रू घट्ट करून फळीवर ठेवले.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. ज्यांचा आवाज तुम्हाला प्रिय आहे, तो एकाच ठिकाणी ठेवू नका. फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. यंत्रांच्या लढाया होतात, कोणीतरी जिंकते, मग जिंकलेलेही जुने होते. आवाज मात्र एका यंत्रातून दुसऱ्यात न्यावा लागतो, पेटत्या दिव्यावरून दुसरा दिवा लावावा तसा. आणि माणसे जवळ आहेत तोवर त्यांचे वाक्य पूर्ण ऐका, ते टाकीबद्दल असले तरी.

मी आता रिकामा आहे. दुपारी पत्रे तापतात, घर शांत असते, आणि मी कान देऊन बसतो. माझ्या आत पाणी पडायचे थांबले आहे.