सातव्या जागेची थाप

हे कुणालाही खरं वाटणार नाही, आणि मला त्याची सवय आहे. पण एका गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरातल्या तीन माणसांनी एकाच वेळी असा काही सुटकेचा निःश्वास सोडला, की मागच्या दोरीवर नुकतेच पिळून टाकलेले कपडे जागच्या जागी कडकडीत वाळले. एक मोजा तर उडून शेजारच्या गच्चीवर गेला. शेजारीण तो परत द्यायला आली तेव्हाही गरम होता.

त्या तिघांपैकी एक मी. गेली चाळीस वर्षं मी शाळांची वाद्यं दुरुस्त करतो. पुढच्या खोलीत माझं टेबल आहे, त्याच्यावर तेलाच्या बाटल्या, पेचकस, लाकडी हातोड्या आणि कायम कुठल्या तरी बिचाऱ्या वाद्याची आतडी. दुसरी माझी लेक. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. बापावर तर पुरावा असला तरी ठेवत नाही. तिसरी माझी नात, वय वर्षं नऊ. तिला घरात सगळे भोंगा म्हणतात. जन्मली तेव्हा ती अशी रडली होती, की दवाखान्यातल्या बायांना सुट्टी झाली असं वाटून त्या डबे आवरून निघाल्या होत्या. (हे खरं आहे. निदान अर्धं तरी.)

तर हा आमचा भोंगा चार दिवस बंद होता.

कारण एक हिरवट रंगाचा फॉर्म. शाळेत चौथीच्या मुलांना पुढच्या वर्षीसाठी निवड करायची असते: बँड, ऑर्केस्ट्रा की समूहगान. तीन चौकोन, त्यातल्या एकात खूण करायची, खाली पालकांची सही. बँड किंवा ऑर्केस्ट्रा असेल तर वाद्याचं नाव लिहायचं. एकदा खूण झाली की तीन वर्षं बदल नाही. फॉर्म द्यायची मुदत शुक्रवारी पहिल्या घंटेपर्यंत. कोरा दिला, तर जिथे जागा उरेल तिथे बसवणार. गेल्या वर्षी जागा उरली होती ती झांजा वाजवणाऱ्यांत, आणि तो मुलगा अजून कुणी हाक मारली की दचकतो.

फॉर्म फ्रीजवर चुंबकाने लावलेला होता. तिन्ही चौकोन कोरे.

"अगं, ठरवलंस का?" लेक सोमवारपासून विचारत होती.

"ठरवते," भोंगा म्हणायची आणि पुन्हा तोंडाला कुलूप.

आता खरं तर विचारायचं काही कारण नव्हतं, असं सगळ्यांचं मत. शाळेतल्या संगीताच्या बाई म्हणाल्या होत्या, "बोटं किती लांब आहेत हिची! आणि घरात आईचं व्हायोलिन आहे म्हणे. मग प्रश्नच मिटला." घरात व्हायोलिन होतं ही गोष्ट खरी. लेकीच्या कपाटावर काळ्या पेटीत होतं. गेल्याच महिन्यात लेकीने स्वतः मला सांगून त्याला नव्या तारा बसवून घेतल्या होत्या. का, ते तिने सांगितलं नाही. भोंग्याने त्या तारा बसवताना बघितल्या, आणि तेव्हापासूनच ती जरा कमी बोलायला लागली.

मी मात्र आणखी एक गोष्ट बघून ठेवली होती. शाळेचा एक ट्रॉम्बोन माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हा पितळी कर्णा, पण त्याला बटणं नसतात. त्याला एक सरकती नळी असते, ती पुढे-मागे सात ठरलेल्या जागांवर नेऊन सूर काढायचे. याला एक पोचा आला होता. काम अर्ध्या दिवसाचं. माझ्याकडे तो तीन आठवडे पडून होता. शाळेच्या शिपायाने दोनदा चिठ्ठी आणली, दोन्ही वेळा मी त्याला चहा पाजून परत पाठवला. कारण रोज सकाळी मी टेबलाशी बसलो की त्या ट्रॉम्बोनच्या नळीला ताजं तेल दिसायचं, जे मी घातलेलं नसायचं. आणि तोंडाशी लावायच्या वाटीला टूथपेस्टचा वास. स्ट्रॉबेरीचा. आमच्या घरात स्ट्रॉबेरीच्या पेस्टने दात घासणारं माणूस एकच आहे, आणि ते मी नाही.

मग सरळ विचारलं का नाही? अहो, विचारून बघितलं. "ट्रॉम्बोन आवडतो का गं?" तर म्हणाली, "मला काय माहीत, मी हात पण नाही लावला," आणि कान लाल करून पळाली.

पितळी वाद्याला बारीक भेग पडली तर ती डोळ्यांना दिसत नाही. आमच्या धंद्यात त्यावर उपाय आहे. वाद्याची सगळी तोंडं बुचं मारून बंद करायची, एक तेवढं उघडं ठेवायचं. वाद्य पाण्याच्या टबात बुडवायचं, त्या तोंडाने हवा भरायची आणि गप्प बसून बघायचं. बुडबुडा जिथून येतो तिथे भेग. आता नातीला काही टबात बुडवता येत नाही, लेक बुडवू देत नाही. म्हणून माणसांसाठी मी थापा वापरतो. थाप ऐकून माणूस जिथे उसळतं, तिथे बुडबुडा.

गुरुवारी संध्याकाळी लेक फॉर्म आणि पेन घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसली. भोंगा समोर स्टुलावर, पाय हलवत.

"बाबा, तुम्ही तरी सांगा हिला काहीतरी," लेक म्हणाली. "उद्या सकाळी द्यायचाय. मी सही करून ठेवलीय, खूण तिची तिने करायची."

"सांगतो की," मी म्हटलं. "टाचणीची गोष्ट सांगितली होती का मी?"

"झालं सुरू," लेक म्हणाली.

"गप गं तू. टाचणी म्हणजे आठ वर्षांची मुलगी, या भोंग्यापेक्षा बोटभर बुटकी. इतकी बारीक की बाजूला वळून उभी राहिली तर हजेरीत गैरहजर लागायची. निवडीचा दिवस होता. शाळेच्या हॉलमध्ये तीन टेबलं मांडलेली, आणि मी कोपऱ्यात तेलाची बाटली घेऊन. टाचणी आधी गेली समूहगानाच्या टेबलाशी. बाई म्हणाल्या, एक सूर लाव बाळ. टाचणीने लावला. बाई ऐकत राहिल्या. सूर संपेना. बाईंनी हजेरी घेतली, वह्या तपासल्या, घरी जाऊन दूध तापवून आल्या, तरी सूर तिथेच, तसूभरही हलला नाही. शेवटी मुख्याध्यापकांनी त्या सुरावर आपला कोट वाळत घातला."

मी भोंग्याकडे बघितलं. ती पाय हलवत होती.

"मग?" ती म्हणाली.

"खरं वाटलं?"

"असेल," ती म्हणाली, आणि खांदे उडवले.

बुडबुडा नाही. म्हणजे समूहगान बाद. लेकीच्या लक्षात आलं नाही, पण मी मनातल्या मनात एक चौकोन खोडला.

"मग टाचणी गेली ऑर्केस्ट्राच्या टेबलाशी. तिथे व्हायोलिन. तिने गज एकदाच ओढला, पण असा बारीक ओढला, की शाळेचं मांजर मागच्या दोन पायांवर उभं राहून आत आलं आणि पहिल्या बाकावर बसलं. त्याच दिवशी तुझी आईसुद्धा तिथे होती बरं का. तेवढीच होती, तुझ्याएवढी. तिला मी स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेलं व्हायोलिन दिलं, आणि ते हातात घेताच तुझ्या आईच्या डोळ्यांतून आनंदाने घळाघळा..."

"कुणाच्या?" लेक म्हणाली.

"तुझ्या."

"आनंदाने?"

"मग काय तर. मी तिथेच होतो."

"बाबा, मांजर उभं राहिलं ते ठीक आहे," लेक म्हणाली, "पण हे नका सांगू. मी रडले होते कारण मला ते नको होतं. मला ढोल हवा होता. मोठा. तुम्ही पंधरा दिवस खपून ते व्हायोलिन तयार केलं होतं, मग मी कशी नाही म्हणणार? सहा वर्षं हनुवटीखाली धरून बसले. अजून मान या बाजूला वळली की कट् असा आवाज येतो. ऐका." आणि तिने मान वळवली. खरंच आला.

आता मला सांगा, चाळीस वर्षं भेगा शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली सापडू नये? मी भोंग्यासाठी टब भरला होता, आणि बुडबुडा आला तो भलतीकडून. मी तेलाची बाटली उचलली, झाकण लावलं, पुन्हा काढलं. सहा वर्षं मी त्या पोरीचा चेहरा बघून समजत होतो की ही सुरात रमलीय.

"मग बोलली का नाहीस गं?" मी विचारलं.

"तुम्ही इतके खुशीत होतात," लेक म्हणाली. "जाऊ द्या हो, झालं ते झालं."

भोंग्याचे पाय हलायचे थांबले होते. "मग आई," ती हळूच म्हणाली, "तू नव्या तारा का बसवल्यास?"

"तुला हवं असेल म्हणून. तू सारखी पुढच्या खोलीत वाद्यांपाशी येऊन बसायचीस, मला वाटलं व्हायोलिन मागायचं धाडस होत नसेल. मला काय, नसलं तर उलट बरंच. रोज घरात ती कुरकुर ऐकायची म्हणजे माझे दात शिवशिवतात."

"मी घेतलं नाही तर तुला वाईट नाही वाटणार?"

"वाईट?" लेक म्हणाली. "मी साखर वाटीन."

भोंग्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. आत काहीतरी वर येत होतं, पण अजून पाण्याखालीच होतं. अशा वेळी वाद्याला आणखी हवा द्यावी लागते. मी लगेच पुढे सुरू केलं.

"तर राहिलं बँडचं टेबल. टाचणीने तिकडे जाऊन बरोब्बर हाच ट्रॉम्बोन उचलला," मी टेबलावरचा ट्रॉम्बोन थोपटला, "आणि फुंकला. पहिल्या फुंकेत मुख्याध्यापकांचा केसांचा टोप उडून पंख्यावर बसला आणि गरगर फिरायला लागला. दुसऱ्या फुंकेत भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास मागे गेलं, त्यामुळे त्या दिवशी मधली सुट्टी दोनदा झाली. मुलं अजून तिचं नाव काढतात."

भोंगा नुसती हसली. टोप गिळला, घड्याळही गिळलं. मी आवाज खाली आणला.

"आणि मग टाचणीने काय केलं, ट्रॉम्बोन खांद्यावर घेतला, नळी धरली, आणि अशी आरामात, हात जरा लांब करून सरळ सातव्या जागेवर नेली, आणि तिथे एक खर्जातला..."

"खोटं!"

स्टूल मागे पडलं. चार दिवस बंद असलेला भोंगा असा वाजला, की टेबलावरच्या स्क्रूंनी जागा बदलल्या.

"साफ खोटं, आजोबा! सातवी जागा नळीच्या अगदी टोकाला असते! आठ वर्षांच्या मुलीचा हात तिथे पोचतच नाही! माझा पाचवीला संपतो, सहावीला खांदा पुढे काढावा लागतो आणि वाटी ओठांवरून निसटते, आणि मी तर तुमच्या टाचणीपेक्षा बोटभर उंच आहे! मी रोज बघते ना, रोज सकाळी..."

आणि मग तिला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. आता ठेवून काय उपयोग?

लेक माझ्याकडे बघत होती. मी छताकडे.

"रोज सकाळी?" लेक म्हणाली.

"हळू वाजवते," भोंगा बोटांमधून म्हणाली. "कर्ण्यात टॉवेल कोंबून. आई, सातवी येत नाही म्हणून मला घेणार नाहीत का? हात केव्हा वाढतो?"

ही खरी गाठ होती, आणि मला वाटलं होतं एकटं व्हायोलिनच आडवं येतंय. मी पुढच्या कपाटातून बँडच्या सरांनी दिलेली मुलांची स्वरांची वही काढली आणि तिच्यापुढे उघडली. "बघ. पहिलं वर्ष सगळं पहिल्या जागेपासून चौथीपर्यंत. सातवी कुठे दिसते का शोध. तोवर तुझा हात झोपेत आपोआप लांब होतो. हे मात्र खरं आहे, तुझ्या आईच्या लॅबमध्ये विचार."

भोंग्याने पानं उलटली. एकेका ओळीवर बोट फिरवलं. माझा शब्द तिने घेतलाच नाही, शहाणी आहे. शेवटच्या पानावर आली आणि तिने पेन मागितलं. बँडच्या चौकोनात तिने खूण केली ती इतकी दाबून, की ती टेबलाच्या लाकडावर उमटली, अजून आहे. खाली 'ट्रॉम्बोन' लिहिलं.

तिथे सुटला तो निःश्वास. आधी तिचा, मग लेकीचा, जो बहुतेक ते व्हायोलिन हातात पडल्यापासून तुंबला होता, आणि मग माझा. तिन्ही एकत्र मागच्या दारातून बाहेर पडले आणि दोरीवरचे सगळे कपडे क्षणात...

"आजोबा, हे काय लिहिताय?" मागून आवाज आला. भोंगा माझ्या खांद्यावरून वाचत उभी होती. "कपडे कुठे वाळले होते? गणवेश रात्रभर दोरीवर तसाच ठिबकत होता! शुक्रवारी सकाळी फॉर्म द्यायला मी ओल्या बाह्यांनी गेले, आणि बँडचे सर म्हणाले, अगं, तू ट्रॉम्बोनमधून आलीस की नळातून?"