खाली सहा फेरे

"आज परत मेलं करंगळीएवढं येतंय," तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी जिन्यात पुटपुटल्या. पुटपुटणं कुणालाच उद्देशून नव्हतं. फक्त तळमजल्यावरच्या चावीवाल्याच्या दारापाशी आल्यावर आवाज जरा चढला. "केसांना साबण लावून बसलेय मी. आता काय तसेच वाळवू?"

आत चावीवाल्याची बायको शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने चहाच्या कपाकडे पाहिलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजलाच. मावशी दारावर थाप मारत नसत, दारासमोर उभ्या राहून फोन करत. तेवढी रीत त्या पाळत.

"हो मावशी. बघतो. अर्धा तास खालचं बंद करतो."

चावीवाला म्हणजे पाणी खात्याचा, रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडणारा आणि मिटणारा माणूस. त्याची चावी खिशात मावणारी नसते. छातीएवढी उंच लोखंडी कांब आणि वर आडवी मूठ. चेंबरचं झाकण उचलायचं, कांब खाली सोडायची आणि मूठ धरून तिच्याभोवती गोल फिरायचं. खालच्या वस्तीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला बावीस फेरे लागत. बावीस फेरे कुणी कधी मारले नव्हते. पाणी उताराला धावतं. खाली पूर्ण सोडलं तर वरच्या इमारतींच्या टाक्या भरत नाहीत. म्हणून चावीवाल्याच्या वडिलांनी, ते स्वतः चावीवाले होते तेव्हा, सहा फेऱ्यांचा नेम घालून दिला. कागदावर नाही, कुणाच्या हुकमाने नाही. मुलाच्या हाती कांब देताना एवढंच सांगितलं होतं, "खाली सहा. कुणी विचारलं तर बावीस सांगायचं."

तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आणि वरून तक्रार आली की त्या सहाचंही शून्य व्हायचं.

खालच्या वस्तीतल्या बायका वरच्या घरांतली धुणी धुवायच्या, फरशा पुसायच्या. दिवसभर दुसऱ्याच्या नळाखाली हात भिजवून संध्याकाळी आपल्या कोरड्या नळापुढे रिकामी बादली घेऊन बसायच्या. त्यांनी अर्ज केले, खात्याच्या दारात बसून राहिल्या. 'पाइप जुनी आहे' असं उत्तर मिळालं. पाइप खरंच जुनी होती. खोटं बोलायचं तर असं सोयीचं खरं हाताशी लागतं.

त्या दिवशी चावीवाल्याने अकराच्या सुमारास व्हॉल्व्ह मिटला आणि घरी येऊन तो जेवायला बसला. वर मावशींच्या न्हाणीघरात पाणी धो धो पडायला लागलं. बायकोनेही आपलं पिंप भरायला लावलं. फोन वाजला. 'शिट्टी.' शिट्टी म्हणजे खात्यातला रोजंदारीवरचा मदतनीस, चाळिशीचा, राहायला खाली. काम करताना शिट्टी वाजवायचा म्हणून हे नाव.

"पाण्याचंच असेल," चावीवाला म्हणाला. "होऊ दे की अर्धा तास."

फोन पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याने तो पालथा घालून ठेवला. पिंप भरून वाहत होतं. बायकोने नळ बंद केला, आणि मग तिला खिडकीतून धूर दिसला.

खालच्या वस्तीतल्या गाद्यांच्या कारखान्याला आग लागली होती. आगीची गाडी वेळेवर आली होती, हे खरं. पण तिच्या पोटातलं पाणी काही मिनिटांत संपलं. जवानांनी रस्त्याच्या नळाला पाइप जोडली, चाक फिरवलं. पाइप रिकाम्या बाहीसारखी जमिनीवर पडून राहिली. माडीवर खोळी शिवणाऱ्या तीन बायका होत्या. त्या खाली आल्या नाहीत.

चावीवाला धापा टाकत चेंबरपाशी पोचला तेव्हा शिट्टी तिथे आधीच होता. खात्यातून दुसरी कांब उचलून, चढ चढून, पळत आला होता. त्याचे चार फेरे झाले होते. पाचव्याला पोलिसांनी त्याला धरला. खालचा माणूस, हातात लोखंडी कांब, वाकून व्हॉल्व्हशी झटतोय. दुसरं काय असणार?

"दादा!" रस्त्यापलीकडे उभा असलेला चावीवाला त्याला दिसला होता. "दादा, सांगा ना यांना!"

दादा दोन पावलं मागे सरले. एका दुकानाच्या पाटीआड.

चारच्या सुमाराला खालून माणसं वर आली. सुरुवातीला नुसता आवाज होता, दूरवर पत्रे ओढत आणावेत तसा. मग काचा फुटायला लागल्या. एक बस पेटली. औषधाचं दुकान फुटलं. पाणी खात्याचा म्हातारा पहारेकरी, जो आयुष्यात कुणाला 'अरे' म्हणाला नव्हता, त्याचं डोकं फुटलं. संताप पत्ता विचारून येत नाही. जो दारात सापडला त्याला झोडपलं.

चावीवाल्याच्या घरात दाराला शिलाई मशीन लावलं होतं, मशीनला पलंग. सासरे, म्हणजे चावीवाल्याचे वडील, पलंगावर, सून जमिनीवर, आणि चावीवाला न्हाणीघरात, पिंपाशेजारी उकिडवा. बाहेर कुणीतरी ओरडलं, "चावीवाला कुठे राहतो?" की "चाव्या कुठे राहिल्या?" तिघांनी पहिलंच ऐकलं. आवाज पुढे गेला. सासऱ्यांचा जबडा थडथडत होता. सुनेने त्यांच्या तोंडात टॉवेलाचं टोक दिलं. एरवी अशी आगळीक तिने केली असती तर घर डोक्यावर घेतलं असतं त्यांनी.

संचारबंदी लागली. शहर बोलायला लागलं.

टीव्हीवर चार माणसं एकदमच बोलत होती. एक म्हणे कडक हात दाखवा, दुसरा म्हणे संस्कार कमी पडले, तिसऱ्याला यात परका हात दिसत होता. चौथा म्हणाला, "याच्या मुळाशी गेलं पाहिजे," आणि जाहिराती सुरू झाल्या. इमारतीचा जिना तर दिवसभर भरलेला. "यांना काही दिलं तरी कमीच." "माझी कामवाली चार दिवस नाही आली. भांडी कोण घासणार, दंगेखोर?" "त्या तिघी गेल्या त्याचं वाईटच वाटतं हो, पण म्हणून बस जाळायची?" हे शेवटचं मावशी म्हणाल्या. वाईट त्यांना खरंच वाटत होतं. रात्री झोप लागत नव्हती. बस, दुकान, पहारेकरी, सगळ्याचं बोलणं व्हायचं. नळातून पाणी का आलं नाही, एवढा एकच प्रश्न जिन्यातून माणसं असा टाळून जात, जसं पायरीवर काही सांडलेलं टाळतात.

मग उत्तरच छापून आलं. व्हॉल्व्हची मोडतोड करणारा इसम कांबेसह ताब्यात.

चौथ्या दिवशी संचारबंदी दोन तास उठली तेव्हा शिट्टीची बायको आली. इमारतीचं जाळीचं दार तिच्यासाठी कुणी उघडलं नाही. वरून कुणीतरी म्हणालं, "उघडू नका हं, मागे अजून असतील." मागे कुणी नव्हतं. तिच्या हातात पिशवी होती, पिशवीत नवऱ्याचा स्वेटर. चौकीवर घेतला नव्हता.

चावीवाल्याची बायको जाळीपाशी गेली. दोघी कितीदा एकमेकींच्या दारात बसल्या होत्या. पण आज हात कुठे ठेवावेत ते दोघींनाही कळेना.

"वहिनी, दादांना एवढंच विचारा, त्यांनी काय बघितलं."

"ते... बरं नाही त्यांना."

"यांनी तीनदा फोन लावला होता. लागत होता, उचलत नव्हते. दादांचं काही झालं की काय म्हणून मला घोर." ती खरंच काळजीने विचारत होती, त्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच चावीवाल्याच्या बायकोला जाळी घट्ट धरावी लागली. "व्हॉल्व्ह फोडला म्हणतायत. दहा वर्षं म्हणतायत, वहिनी. अहो, घरात खिळा ठोकायचा तरी हे आधी भिंतीला हात लावून बघतात."

घरात आल्यावर बायको नवऱ्यासमोर बसली. पालथा फोन सुलटा करून त्याच्यापुढे ठेवला.

"मी बोललो तर ते मारतील मला," तो म्हणाला.

"कोण?"

त्याने हात हलवला. खाली की वर, कळलं नाही.

"गप बसायचं," सासरे पलंगावरून म्हणाले. "खात्याचे साहेब येणार आहेत कागद घेऊन. सही कर, मोकळा हो. माझं नाव निघता कामा नये." मग भिंतीकडे तोंड करून, "सहा तर सोडायचो ना मी. अगदी नाही असं कधी केलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला साहेब आले. इमारतीतली माणसं जिन्यात जमली, पायऱ्यापायऱ्यांवर, फोटो काढायला उभी राहावीत तशी. मावशी पुढेच होत्या. साहेब भला माणूस. त्यालाही वरून फोन होते. त्याने कागद वाचून दाखवला.

"घटनेच्या वेळी खालच्या वस्तीचा व्हॉल्व्ह पूर्ण, म्हणजे बावीस फेरे, उघडा होता. सदर इसमाने लोखंडी कांबेने त्याची मोडतोड केल्यामुळे पुरवठा खंडित झाला. खाली तुझी सही. बाकीच्यांच्या साक्षीदार म्हणून."

"कर बाबा," कुणीतरी म्हणालं. "आमची पोरं शाळेत जाऊ देत परत."

"भीतीने जीव जायची वेळ आली आमच्यावर," मावशी म्हणाल्या. डोळे भरले होते त्यांचे. केस स्वच्छ, मोकळे, खांद्यावर आले होते.

चावीवाल्याने पेन घेतलं. पेनाचं टोक कागदावर नुसतं टकटक वाजत होतं. जिना वाट बघत होता. जाळीबाहेर रस्त्यापलीकडे शिट्टीची बायको उभी होती. तोच स्वेटर आता तिने स्वतःच्या अंगात घातला होता.

"थांबा," चावीवाल्याची बायको म्हणाली. गळ्यात मोजपट्टी तशीच होती. जिन्यात चारचौघांत ती कधी बोलली नव्हती. आवाज कुठून काढायचा ते तिला कळेना, म्हणून जरा मोठाच निघाला. "सही करायच्या आधी एक सांगा. किती फेरे होते?"

"वहिनी, तुम्ही आत जा बरं," साहेब म्हणाले.

"सूनबाई!" घरातून सासरे.

"मी त्या वेळी पिंप भरत होते," ती म्हणाली. "इतका जोर होता की झाकण उडालं. त्याच वेळी खाली माणसं जळत होती. किती फेरे होते, अहो? फक्त आकडा सांगा."

वर कुठेतरी एक टाकी भरत आली होती. तिचा आवाज जिन्यात उतरत होता.

चावीवाल्याने आधी साहेबाकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे. पेन खाली ठेवलं, गडगडू नये म्हणून नीट कागदाच्या कडेला.

"शून्य," तो म्हणाला. "शून्य होते, साहेब. व्हॉल्व्ह मी मिटला होता. तुमचा फोन आला म्हणून, मावशी. शिट्टी तो उघडत होता."