फुकट घासलेला बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे. पितळेचा, आणि कोणावरही विश्वास न ठेवणारा. माझी हकिकत ऐकताना तुम्हीही उगाच मान डोलवू नका. आधी पारखा, मग डोलवा.

जालन्याच्या एका तांबटाने मला फुटक्या परातीच्या बुडातून कापलं. म्हणजे जन्मापासूनच मी तुकडा. वर सरकारी मुहर, खाली उर्दू आकडा आणि टोकाला दोऱ्यासाठी भोक. निजामाचं राज्य होतं. आमच्या अंबडकडे जमिनीची दलाली करायची तर छातीवर माझ्यासारखा बिल्ला लागायचा. बिल्ल्याशिवाय बोललेला सौदा कचेरी मानत नसे. आणि बिल्ला जिवंत ठेवायचा तर दर साली कचेरीत एक जमानतदार उभा करावा लागे. त्याने छातीवर हात ठेवून म्हणायचं, "हा माणूस खोटा निघाला तर मला धरा." जमानतदार नाही, तर परवाना मेला. सरकारचा माणसांवर विश्वास नव्हता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी रखमाजीच्या छातीवर आलो. त्याचे आजे-पणजे मेंढरं राखणारे. सगळ्या रानातून फिरलेले, म्हणून कोणाचा बांध कुठून कुठे जातो ते त्यांच्या घरात सगळ्यांना पाठ. रखमाजीला मात्र अक्षर येत नव्हतं. तो मला उलटा लावायचा. त्याची बायको झुंबरबाई मला सरळ करायची आणि म्हणायची, "सरकार उलटं करून निघाले जणू!"

आमच्याकडे चाल अशी होती, की शेत विकायचं तर दलालाने आधी त्याची शीव, म्हणजे हद्द, फिरायची. अनवाणी पायांनी, डोक्यावर त्याच शेतातलं ढेकूळ घेऊन. तो चालेल तो बांध. फेरा पुरा होईपर्यंत त्याने तोंड उघडायचं नाही आणि कोणी त्याला अडवायचं नाही. डोक्यावर माती घेऊन जो वाकडा चालला त्याच्या घरात पुढे काही उगवत नाही, अशी लोकांची समजूत. मला विचाराल तर वाकडे चाललेले पुष्कळ जण मी गुबगुबीत झालेले पाहिले आहेत. पण रखमाजी कधी वाकडा चालला नाही. "रखमाजी फिरला म्हंजे शीव झाली," असं जालन्याचे आडतेसुद्धा म्हणायचे. कौतुक व्हायचं. मी ते ऐकून गार राहायचो. कौतुकामागे काय येतं, याची मला कायम धास्ती.

मग रखमाजीचा जमानतदार कडूबा वारला. दोघांनी एका ताटात भाकरी खाल्लेली. दुसरा जमानतदार मिळाला असता, पण रखमाजी कोणाच्या दारात गेला नाही. "ज्याची जमानत, त्याच्याविरुद्ध बोलता येत न्हाई," तो म्हणाला. "कडूबाविरुद्ध बोलायची पाळीच आली न्हाई कधी. आता कोणाची ताबेदारी करू?" परवाना मेला. रखमाजी मेंढरांमागे गेला आणि मी कोनाड्यात. वर्षं गेली. मी हिरवा पडलो. झुरळं माझ्यावरून हिंडली. त्यांनी निदान माझ्याकडे काही मागितलं नाही.

रखमाजी मात्र येता-जाता कोनाड्याकडे बघायचा. ते मी पाहत होतो. ते आणखी कोणीतरी पाहत होतं, हे मला पुढे कळलं.

एका सकाळी गावचा मोठा शेतकरी आबाराव घरी आला. आमच्या दारातसुद्धा उभा राहणारा माणूस तो नव्हे, पण त्या दिवशी घोंगडीवर बसला. चहा प्याला. आणि कोनाड्यातून मला काढून, मित्रांनो, स्वतःच्या हाताने चिंच आणि राख लावून घासायला बसला! 

"असं सोनं कोनाड्यात ठेवत्यात का, रखमाजी? उद्याच्याला कचेरीत चल. तुझा जमानतदार मी."

रखमाजीचे डोळे भरले. झुंबरबाई चुलीपाशी होती. तिचे डोळे कोरडे होते.

"मालक, तुमचं काय काम निघालं?" तिने विचारलं.

"काम कशाचं, झुंबरबाई? माणसाच्या गुणाची कदर नको का?"

"गुण तर कडूबाभावजी गेले तवाबी व्हते."

"गप बस गं," रखमाजी म्हणाला. 

माझं पितळ झळझळीत झालं. फुकट घासणारा हात मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

कचेरीत तर गंमतच झाली. जिथे नुसता सलाम पोचायला दुपार व्हायची, तिथे कारकुनाने रखमाजीला बसायला सांगितलं. आबारावाने छातीवर हात ठेवून जमानतीचे शब्द म्हटले, कारकुनाने मुहर मारली, "मुबारक हो" म्हणाला. मेलेला परवाना इतक्या जल्दी उठून बसला! मला विचाराल तर मेलेलं कोणी फुकट उठवत नाही. उठवतात ते राबवायला.

परतताना बैलगाडीत आबारावाने पोटातलं ओठावर आणलं. त्याला आपलं मोठं रान विकायचं होतं. घेणारा जालन्याचा आडत्या बद्रीनाथ. त्याची एकच अट होती, रखमाजीने शीव फिरायची. 

"फिरतो की," रखमाजी आनंदाने म्हणाला.

"फिर. फक्त लिंबापाशी वळू नको. सरळ जा. विहिरीच्या पल्याड निघ."

लिंबाच्या पलीकडचा विहिरीचा पट्टा आबारावाचा नव्हताच. तो त्याच्या विधवा भावजयीचा, गोजरबाईचा. वाटणीत तिच्या नवऱ्याला आलेला. तिला दुसरं रान नव्हतं, दुसरं पाणी नव्हतं. तो पट्टा गेला तर तिला गाव सोडावं लागणार होतं.

"मालक, ते वहिनीचं हाय."

"बाईमाणूस. तिला कुठं बांध कळतोय? अन् रखमाजी, जमानत कोणाची हाय, तेवढं ध्यानात असू दे."

घरी आल्यावर रखमाजी जेवला नाही. झुंबरबाई म्हणाली, "मंग? कळलं का चिंच कशाची व्हती?"

तो म्हणाला, "ज्याची जमानत त्याच्याविरुद्ध बोलता येत न्हाई, झुंबरे. माझीच चाल, माझ्याच गळ्यात."

त्याच्यावरही माझा विश्वास उरला नव्हता. खरं तेच सांगतो. दलाली परत मिळाल्याचा आनंद मी त्याच्या छातीत ठोकताना ऐकला होता.

शीव फिरायच्या दिवशी गावातली माणसं जमली. बद्रीनाथ छत्री घेऊन आला होता. गोजरबाई बांधावर उभी होती, पदर खोचून. तिला सगळं कळलं होतं.

"रखमाजीदादा," ती म्हणाली, "डोक्यावर माती हाय. एवढंच बघा."

रखमाजीने ढेकूळ डोक्यावर घेतलं आणि निघाला. मागे माणसं. आबाराव त्याच्या खांद्याला खांदा लावून चालत होता. लिंब जवळ आला तसा तो दातांतून म्हणाला, "सरळ... सरळ..." ढेकळाची माती सुटून रखमाजीच्या घामात मिसळली आणि ओघळून माझ्यावर आली. चमक सगळी झाकली गेली. मला बरं वाटलं.

रखमाजी लिंबापाशी वळला.

विहीर बाहेर राहिली. पट्टा बाहेर राहिला. तोंडाने तो एक शब्द बोलला नव्हता. जमानतदाराविरुद्ध बोलायचं नव्हतं ना? तो नुसता चालला.

"जमानत काढून घेतली!" आबाराव किंचाळला. "मी जमानत काढली! ह्याचा परवाना मेला! ही शीव खोटी!"

रखमाजी थांबला नाही. फेरा पुरा करून त्याने ढेकूळ जागेवर ठेवलं. माणसं बद्रीनाथकडे बघू लागली.

"जमानत बांधावर निघत न्हाई, आबाराव," बद्रीनाथ छत्री मिटत म्हणाला. "कचेरीत निघते. तुमी पोचेपर्यंत परवाना जिता हाय, अन् शीव बराबर हाय. घेतलं तर एवढंच रान घेईन."

त्याला देवमाणूस समजू नका. भांडणाची विहीर त्याला नको होती, इतकंच.

आबारावाने तशीच गाडी जुंपली आणि अंबड गाठलं. परवाना पुन्हा मेला, तो कायमचा. दुसऱ्यांदा उठवलेल्या त्या परवान्यावर रखमाजी फक्त एकच शीव फिरला. कचेरीने मला परत मागितलं तेव्हा झुंबरबाईने शिपायाला सांगितलं, "मेंढरानं खाल्ला." शिपाई हसला आणि गेला. त्याच्या हसण्याचाही मी पुष्कळ दिवस संशय घेतला.

मी मेंढरांमध्येच होतो, म्हणा. रखमाजीने मला कळपाच्या पुढच्या एडक्याच्या गळ्यात बांधलं. कळप रोज दुपारी गोजरबाईच्या विहिरीवर यायचा आणि ती स्वतः जनावरांच्या दगडी डोणीत पाणी ओढायची. रखमाजी "राहू द्या, वहिनी" म्हणायचा, ती ऐकायची नाही. एडका मान खाली घालायचा तसा मी डोणीच्या काठावर वाजायचो. पुढे राज्य गेलं, मुहर बदलली. दगडावर आपटून माझा आकडा झिजला. पाणी तेवढं तेच राहिलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असं तुम्हाला सांगायची पद्धत आहे. राखा. पण आम्हाला घासायला हातात घ्याल तेव्हा आधी स्वतःचा हात बघा. आणि कधी कोणी तुम्हालाच कोनाड्यातून काढून फुकट चमकवायला बसलं, तर लाजू नका, भिऊ नका, तोंडावर विचारा, "बाबा रे, कोणाची विहीर पाहिजे तुला?"