छपरावरची साजाची सावली

गुणवंतराव ओव्हरसियरच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की ते ब्रह्मदेवालाही काढता येत नसे. छप्पन साली गडचिरोलीपल्याडच्या जंगलात बाळंतिणींचा दवाखाना बांधायला घेतला, तेव्हा त्यांनी दक्षिणेकडच्या छपरात कौलांच्या जागी पाण्याचे पत्र्याचे डबे बसवायला सांगितले. डबे काळे रंगवायचे, वर काच. छपरानेच दिवसभर ऊन धरायचं आणि खाली खोलीत रात्रभर ऊब द्यायची, शेगडीशिवाय!

मजूर हसले. मुखरू गवंडी हसला नाही. मागच्या पुसाच्या थंडीत त्याच्या लेकीचं, वच्छलाचं, पहिलं लेकरू बाळंतखोलीतल्या शेगडीच्या धुराने गेलं होतं. आता तिला पुन्हा आठवा लागला होता.

अडचण एकच. समोरच्या साजाच्या झाडाची सावली भर दुपारी छपरावर पडायची.

"झाडाले आज इचार, बुडाशी तांदूळ ठेव, उद्या तोड," म्हातारा सुकलू म्हणाला. "आमच्यात असंच असते."

"उद्यापर्यंत कोण थांबते, सुकलूभाऊ?" मुखरूने त्याच दुपारी कुऱ्हाड घातली.

डबे बसले, काच लागली आणि बाराच्या सुमाराला साजाची सावली छपरावर आली. झाड केव्हाच चुलीत गेलं होतं. तरी काचेवर फांदी न फांदी हलत होती, तीही वारा पडलेला असताना. डबे थंडगार. गुणवंतराव वर चढले, खाली उतरले आणि रजेवर गेले ते गेलेच.

वच्छलाला कळा लागल्या त्या सकाळी मुखरू तांदूळ घेऊन तोडलेल्या साजाच्या बुंध्याशी बसला. "चुकलो. पायजे तं सावली माह्या अंगावर टाक, पण छपराले सोड."

दुपारी डबे तापले. उबदार खोलीत रात्री नातू झाला, धडधाकट.

पाचव्या दिवशी वच्छला अंगणात उन्हात बसली होती. "बा, घे ना याले. चावत नाई तो!"

मुखरूने हात पुढे केले. बाळाच्या तोंडावर साजाच्या पानांची सावली हलली आणि त्याचे ओठ निळे पडले. मुखरू मागे सरकला, तसं ऊन परत आलं.

रोज दिवस बुडून अंगावरची सावली जाईपर्यंत तो अंगणाच्या कडेला वाट पाहत बसायचा. तोवर पोर झोपलेलं असायचं.