बंबाच्या पाण्याने न्हालेला पाईप

मित्रांनो, मी जमिनीखाली चार फुटांवर राहणारा एक जुना सिमेंटचा पाईप आहे. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. वाईट वाटून घेऊ नका, मीही तुम्हाला पाहिलेलं नाही. माझ्या दोन टोकांना थोडा उजेड असतो, मधे सगळा अंधार, आणि माझं बहुतेक आयुष्य मधेच गेलं. ऐकू मात्र सगळं येतं. जमिनीवरची माणसं समजतात की खाली कोणी नाही, म्हणून मोकळेपणाने बोलतात.

माझा जन्म बारामतीजवळच्या एका कारखान्यात झाला. आम्ही सगळे तुकडे एकाच साच्यातले, त्यामुळे आमच्यात गोरा-काळा असा भेद नव्हता. सगळे राखाडी. वयात आल्यावर आम्हाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीला आणलं, चरात एकापुढे एक झोपवलं, सांधे सिमेंटने बुजवले आणि वरून माती लोटली. तुमच्याकडे याला पुरणं म्हणतात. आमच्याकडे नोकरी लागणं म्हणतात.

नोकरी सोपी होती. नीरा नदीकाठच्या विहिरीवरून मोटर पाणी ढकलणार, ते मी द्वारकाबाईंच्या रानात पोचवायचं. मधे गेणूतात्यांची जमीन होती. तेव्हा द्वारकाबाईंच्या सासऱ्यांनी गेणूतात्यांच्या वडिलांना विचारलं, "तुज्या रानातनं पाईप न्यायचा म्हणतोय."

"ने की. चार फूट खाली मी कुठं काय पेरतोय?"

एवढ्यावर व्यवहार झाला, चहा झाला, आणि मी जन्मभरासाठी दोन घरांचा झालो.

पहिली वर्षं कौतुकाची गेली. मोटर सुरू झाली की द्वारकाबाई रानातल्या टोकाला येऊन उभ्या राहत. आधी माझ्या पोटातली हवा गुरगुरे, मग पाणी येई. आलं की त्या म्हणत, "आलास का बाबा?" पाण्याला म्हणत असतील. मला वाटायचं, मला म्हणतात. अजूनही वाटतं.

मग गेणूतात्यांनी घर बांधलं. माझ्या अगदी डोक्यावर. खाली पाईप आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणजेच कोणाच्या लक्षात नव्हतं. सोप्यात चकचकीत फरशी बसली, घराच्या कडेला शेवगा लागला. शेवगा मोठा झाला आणि त्याच्या मुळ्या माझ्या सांध्यातून आत आल्या. आधी एक आली, पाणी प्यायली, पण परत गेली नाही. मग तिने माहेरची सगळी माणसं बोलावली. सांधे उकलले, मला तडे गेले, आणि द्वारकाबाईंचं पाणी गेणूतात्यांच्या घराखाली मुरू लागलं.

"सारजा, हे बघ," एकदा तात्या बायकोला म्हणाले. "भिंतीवर ओलीचा इंदापूर तालुका उमटलाय. हुबेहूब!"

"मग त्याला रंग द्या."

रंग दिला. तालुका पुन्हा वर आला आणि उन्हाळ्यापर्यंत बारामतीच्या हद्दीत घुसला.

तिकडे माझ्या दुसऱ्या टोकाला पाण्याची करंगळीएवढी धार राहिली. द्वारकाबाईंनी पेरूचा बहार धरलेला, फळं सुपारीएवढी झालेली. आता पाणी मिळालं नाही तर सगळी गळून पडणार. त्या टोकाशी येत, धार बघत. हळूहळू त्यांनी "आलास का बाबा" म्हणणं सोडलं. मित्रांनो, मला तडे गेले तेव्हा इतकं दुखलं नव्हतं.

गेणूतात्या मनाने फार चांगले. वहिनींची बाग वाळतेय हे त्यांना बघवेना. नात्याने वहिनी नव्हेत, पण शेजारची बाई वहिनी नसेल तर ते गाव कसलं? त्यांनी अंथुर्ण्याहून सोनबा पाणाड्याला बोलावलं. सोनबा तळहातावर नारळ आडवा ठेवून चालत. पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो, असं ते सांगत. तात्यांच्या अंगणात शेवग्यापाशी नारळ असा ताडकन उभा राहिला, की सोनबा स्वतःच दचकले.

"तात्या, जिवंत झरा हाय! वरच्या वर हाय!"

खरंच होतं. वरच्या वर होतो.

खड्डा खणला. चार फूट व्हायच्या आत घराच्या बाजूने पाणी झिरपून आलं. गुलाल उधळला, पेढे वाटले. तात्यांनी खड्ड्याच्या काठावर उभं राहून जाहीर केलं, "वैनी, तुमची पाईपलाइन मेली म्हणून खचू नका. ह्या झऱ्याचं निम्मं पाणी तुमच्या बागंला. गेणूनं शब्द दिला!"

द्वारकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कोणाचं पाणी कोण कोणाला देतोय, हे तिथे फक्त मला माहीत होतं, आणि मला तोंड असून बोलता येत नाही.

त्या दिवशी द्वारकाबाईंची नात निकिता बारामतीहून आली होती. ती एका ठेकेदाराकडे इंजिनिअर आहे. तिने पेढा खाल्ला, खड्ड्यातलं पाणी पाहिलं, वास घेतला. "आज्जी, नदीवरची मोटर चालू हाय का?"

"हाय की."

विहिरीवरची मोटर मोबाईलवरून चालू-बंद होते. निकिताने बंद केली. जरा वेळाने खड्ड्यातलं पाणी थांबलं. तिने चालू केली. जरा वेळाने झरा परत जिवंत झाला. पुन्हा बंद. पुन्हा थांबला.

"झरा लाजाळू हाय," सोनबा म्हणाले. "माणसं बघून थांबतोय."

"झरा न्हाय, सोनबाकाका. आमचा पाईप हाय."

वर पेढ्यांचा पुडा कोणीतरी हळूच मिटला. मग तात्यांचा आवाज आला, पार बसलेला. "म्हंजी मी वैनींचंच पाणी वैनींना दान द्याया निघालो हुतो?"

"निम्मं," सारजाबाई म्हणाल्या.

"फोडा माझं घर! फरशी उखडा, पाईप काढा, नवा घाला. उद्या सकाळी फोडा!"

"घर फोडून पेरू पिकवू व्हय?" द्वारकाबाई कडाडल्या. "वाळू द्या बाग. मी न्हाय फोडू देणार."

"घर माझं हाय, मी फोडीन!"

"हात तर लावून बघा, भावजी!"

"दोघंबी गप बसा," सारजाबाई म्हणाल्या. "फरशी माझ्या पसंतीची हाय. मला कुणी इचारलं का?"

जगात भांडणं पुष्कळ ऐकली. आपलं घर फोडू देत नाही म्हणून शेजारणीवर चिडलेला माणूस मी पहिल्यांदाच ऐकला.

मग निकिता म्हणाली, "काय फोडायचं न्हाय. बारामतीत रस्त्याखालच्या गटारीचे पाईप आमी आतनंच नीट करतो. आतनं अस्तर लावायचं, ब्लाउजला लावतात तसं."

"मग हे आदी सांगायचं न्हाय व्हय?" सारजाबाई म्हणाल्या. त्यांना सगळं कळलं.

काही दिवसांनी निकिता सामान घेऊन आली. खड्डा माझ्यापर्यंत वाढवून मला तिथे कापलं, घरापलीकडे तसाच दुसरा खड्डा घेतला. आधी माझ्या पोटात चाकांवरचा एक छोटा कॅमेरा सोडला. तात्यांच्या सोप्यात पडद्यावर माझं आतलं सगळं दिसू लागलं आणि अर्धं गाव बघायला जमलं. शेवग्याच्या मुळ्या दिसल्या, तडे दिसले, आणि मधोमध एक लठ्ठ बेडूक दिसला.

"ह्यो कोण?" तात्या म्हणाले.

"भाडेकरू," सारजाबाई म्हणाल्या.

मी इतकी वर्षं झाकून ठेवलेलं सगळं गावाने चहा पीत पाहिलं. पण कोणी हसलं नाही. द्वारकाबाई पडद्याजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "केवढं सोसलंय गं ह्यानं." मित्रांनो, त्या वाक्यावर मी आणखी चाळीस वर्षं काढीन.

बेडकाला अलगद बाहेर काढलं. जोराचं पाणी मारून मुळ्या कापल्या, मला खरवडून स्वच्छ केलं. मग अस्तर आलं. ती एक लांबलचक मऊ पिशवी होती, चिकट रसायनात भिजवलेली आणि बर्फात ठेवून आणलेली. शर्टाची बाही उलटी करावी तशी ती पाण्याच्या जोराने उलटी होत माझ्या आत सरकली आणि चिकट बाजूने मला बिलगली. सोप्यात नखांना लावायच्या रंगासारखा असा वास सुटला की सारजाबाईंनी सगळ्या खिडक्या उघडल्या. आता पिशवीत गरम पाणी फिरवत ठेवायचं, म्हणजे ती दगडासारखी घट्ट होते; जुन्या पाईपच्या आत नवा पाईप तयार.

गरम पाण्याची गाडी मागून येत होती. ती अंथुर्ण्याच्या अलीकडे बंद पडली.

निकिताचा आवाज बदलला. "आता पिशवी बाहेर काढता येत न्हाय, आज्जी. आणि नीट तापली न्हाय तर कुठं चिकटंल, कुठं लोंबंल. मग पाईपच बंद. घर फोडल्याबिगर इलाज न्हाय."

तात्या पहार शोधायला निघाले.

"ती पहार ठेवा," सारजाबाई म्हणाल्या. "गरम पाणीच पायजे ना? मग गावातलं बंब काय मेलं?"

आणि मित्रांनो, निरवांगीतले बंब आले! तांब्याचे, पितळेचे, एक तर कोणाच्या तरी रुखवतातला, अजून न पेटवलेला. डोक्यावरून आले, मोटरसायकलवरून आले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ओळीने बसून आले. अंगणात सगळे पेटले. चिपाडं, गोवऱ्या, कणसांची बुरकुंडं, जे हाताला लागेल ते आत गेलं. त्या दिवशी गावातल्या पोरांच्या अंघोळी रद्द झाल्या, आणि पोरांनी प्रथमच माझं नाव प्रेमाने घेतलं. तात्यांनी पाण्यात कडुनिंबाचा पाला टाकायचा आग्रह धरला, अंगदुखीला चांगला म्हणून. निकिता एका हाताने तापमान बघत होती, दुसऱ्या हाताने तात्यांना आवरत होती. छोटा पंप पाणी फिरवत होता आणि ती ओरडत होती, "आणखी गरम! थांबू नका!"

"बाळंतिणीला बी एवढं पाणी तापवलं नव्हतं," सारजाबाई धुरात डोळे चोळत म्हणाल्या.

मी जन्मभर पाणी वाहिलं, पण मला कोणी अंघोळ घातली नव्हती. तीही सगळ्या गावाच्या बंबातून. ऊन उतरायच्या वेळी निकिताने पिशवीच्या टोकावर टिचकी मारली. टण्ण वाजलं. तात्यांनीही मारली. मग रांगच लागली.

दोन्ही खड्ड्यांत मला पुन्हा जोडलं आणि निकिताने मोबाईलवरून मोटर सुरू केली. द्वारकाबाई रानातल्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. मी आता अंगाने जरा बारीक झालो होतो, पण आतून काचेसारखा गुळगुळीत. पाणी घराखालून निघालं आणि कुठेही मुरलं नाही. टोकाशी हवा गुरगुरली. मग धो धो पाणी पडलं.

"आलास का बाबा?" द्वारकाबाई म्हणाल्या.

मी काही बोललो नाही. माझं तोंड भरलेलं होतं.

पेरू चांगले पोसले. पहिली पाटी तात्यांच्या घरी गेली. द्वारकाबाईंनी त्यांच्या अंगणात माझ्यावर एक नळही बसवून दिला. "भावजी, तुमचा निम्मा झरा," त्या म्हणाल्या. भिंत वाळली. तात्या मात्र कधीकधी तिच्याकडे बघून उसासा टाकतात, "तालुका गेला."

मित्रांनो, मला एवढंच सांगायचं आहे. जे दिसत नाही ते कुरकुरत नाही, म्हणून ते ठणठणीत आहे असं समजू नका. तुमच्या पायाखाली कोण झोपलाय हे घर बांधण्याआधी आठवा, झाड लावण्याआधी आठवा. आणि त्याला बरं करायचं असेल तर आधी पहार उचलू नका. आधी आत डोकावून बघा.

परवा सोनबा पुन्हा आले होते. तळहातावर नारळ ठेवून ते तात्यांच्या अंगणात सावकाश फिरले, शेवग्यापाशी तर तीनदा फिरले. माझ्या पोटातून तेव्हा नीरा नदीचं पाणी भरून वाहत होतं. नारळ आडवाच राहिला.

"न्हाय तात्या," सोनबा मान हलवत म्हणाले, "हितं आता थेंब न्हाय."

माझ्या कामाची इतकी स्तुती आजवर कोणी केली नव्हती.