जगदेवी मधल्याच ठेसनावर उतरली

आदिलाबादच्या गाडीत बसल्या बसल्या रेवणप्पांनी खिडकी ओढून घेतली. इंजिनाचा कोळसा धोतरावर उडेल, ही त्यांची भीती. जगदेवीनं ती परत उघडली. चाकूरच्या किराणा दुकानामागच्या खोलीत तिची चाळीस वर्षं गेली होती. रेल्वेत ती आज पहिल्यांदाच बसली होती. नांदेडहून दोघं किनवटला, लेकीकडं निघाले होते.

"डोळ्यात कण जाईल," रेवणप्पा म्हणाले.

"जाऊ द्या. बघायलाच दिलेत ना डोळे?"

भोकर मागं पडलं आणि काळं रान संपून टेकड्या सुरू झाल्या. त्यांच्यावर सागाचं दाट जंगल. पानं अशी, की दोन जोडली तर पत्रावळ व्हावी. बहात्तरच्या दुष्काळात जगदेवीनं झाडांच्या सालीसुद्धा जनावरांनी खाल्लेल्या पाहिल्या होत्या. यंदाही चाकूरकडं भाद्रपद कोरडाच चालला होता. तिला किती बघू आणि किती नको असं झालं.

समोर इस्लापूरची केवळाबाई बसली होती. बहिणीला भेटून गावी परतत होती. तिनं विचारलं, "तुम्ही उस्मानाबादकडले का?"

रेवणप्पा ताठ झाले. "लातूर! आमचा जिल्हा निराळा झालाय आता. कचेरीच्या पाटीवरचा रंग अजून ओला हाय."

जगदेवीचं जिल्ह्याकडं ध्यान नव्हतं. "ते पांढरं काय गं झाडावर?"

"सागाचा फुलोरा हाय, माय."

"आन् ती नदी?"

"नदी कुठली? नाला हाय तो."

"नाला? आमच्याकडं याची ओटी भरतील बाया!"

सगळा डबा हसला. केवळाबाई पुढं सरकली. "हे तं काहीच न्हाई. सहस्रकुंडाला पैनगंगा कड्यावरून उडी घेते. चला की. ठेसनावर आमची बैलगाडी येणार हाय."

सहस्रकुंडाला गाडी थांबली, तशी जगदेवी पिशवी घेऊन उठली.

"अगं, किनवट लांब हाय अजून!"

"ठाऊक हाय. मी पाणी बघून येते. तुम्ही व्हा पुढं."

नवऱ्याला न विचारता ती कधी शेजारच्या गल्लीतसुद्धा गेली नव्हती. रेवणप्पा आ वासून बघतच राहिले. मग इंजिनानं शिट्टी दिली, तसे ते एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात धोतराचा सोगा धरून धडपडत खाली उतरले.

बैलगाडीत ते घुश्शातच होते. पण कड्याशी पोचले आणि तोंडावर तुषार आले, तेव्हा त्यांनी टोपी काढली. पाणी नुसतं कोसळत होतं, पांढरं, धुरासारखं. ते ओरडून काहीतरी म्हणाले. जगदेवीला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण त्यांच्या तोंडावरचं हसू तिनं लग्नानंतर क्वचितच पाहिलं होतं. मग कडेच्या खडकावर बसून दोघांनी भिजतच शिदोरीतली भाकरी खाल्ली.

दुपारच्या एस.टी.नं ती दोघं किनवटला पोचली. लेक नीलम्मा दारातच रडकुंडीला आली होती. "अव्वा, गाडी येऊन गेली की! कुठं होतात तुम्ही?"

"सहस्रकुंडाला. तू बघितलंस का गं?"

"दोन वर्षं झाली इथं येऊन, पण कामातून सवडच न्हाई."

"मग रविवारी चल," जगदेवी ओला पदर पिळत म्हणाली. "मी नेते तुला."

"आपण नेऊ," मागून रेवणप्पा म्हणाले.