तलावाकडे तोंड करून

उमरेडजवळच्या त्या मासेमार ढिवरांच्या गावी सुमती आली ती एवढंच सांगायला, की बाबा गेले. सांगून दुपारच्या बसनं नागपूरला परतायचं होतं. पण बातमी तिच्याआधीच पोचली होती, आणि सारं गाव तलावाच्या पाळीवर, त्या बांधावर, मासळीच्या वाटणीसाठी अडून उभं होतं.

तिचे बाबा, भैय्याजी, नागपूरच्या महाल भागातले विणकर. सत्तर सालच्या सुमाराला हा तलाव ठेकेदाराच्या घशात गेला, तेव्हा ढिवरांसोबत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून त्यांनी तो गावच्या सोसायटीला मिळवून दिला. ठेकेदार मात्र टपूनच होता. गावच्या दोन मोहल्ल्यांपैकी खालच्याला त्यानं फितवायला घेतलं होतं. वाटणीवरून गाव फुटलं, की तलाव पुन्हा त्याचा.

वाटणीची रीत जुनी. मासळीचे ढीग पाळीवर लावायचे. एकानं त्यांच्याकडे पाठ करून बसायचं. मागून कुणी ढिगावर हात ठेवून विचारायचं, "हा कोनाचा?" बसणारा ज्याचं नाव घेईल, त्याचा तो ढीग. गावातलं कुणी बसलेलं आता दुसऱ्या मोहल्ल्याला चालत नसे. म्हणून नागपूरहून येऊन भैय्याजी बसत. त्यांना ना वाटा, ना गावात सोयरं.

"आता कोन बसन?" खालच्या मोहल्ल्याचे नत्थूजी म्हणाले. "नाही तं आमी आमची मासळी घेऊन चाललो."

म्हाताऱ्या तुळसाबाईनं सुमतीचं मनगट धरलं. "हे बसन. हिचं इथं कोन आहे गा?"

नत्थूजींनी तिला न्याहाळलं. "बसू द्या."

सुमती बसली. घराघरांची नावं तिला ठाऊक होती; जेवताना बाबा त्यांच्याचविषयी बोलत. मागून ढिगावर हात ठेवून गावच्या वयस्क देवाजींनी विचारलं, "हा कोनाचा?" वडीलधारं माणूस विचारतंय, म्हणून ती सवयीनं वळली.

एकच गलका झाला. तिनं ढीग पाहिले, वाटणी बाद. सगळी मासळी पुन्हा एकत्र करणं आलं.

"काहून वळली वं पोरी?" तुळसाबाईनं विचारलं.

"चुकलं माझं," ती पुटपुटली.

नत्थूजीच आधी हसले. "तुये बाबा बी पैल्या खेपेले असेच वळले. वरून रामराम केला!"

दोन्ही मोहल्ले हसले. सुमतीही हसली, आणि पदरानं डोळे टिपले. तेरवीपासून जो तो तिला बाबांचा मोठेपणा सांगत होता. त्यांची ही फजिती मात्र या माणसांनीच जपून ठेवली होती. त्या हसण्याचे तिला फार उपकार वाटले.

ढीग नव्यानं लागले. ती पाण्याकडे तोंड करून बसली.

"हा कोनाचा?"

"नत्थूजींचा."

या खेपेला तिनं मान वळवली नाही.

"लहानच देल्ला वं," नत्थूजी कुरकुरले. मग त्यांच्या टोपलीत मासळी पडल्याचा आवाज आला.

"पुढचा विचारा, देवाजी," सुमती म्हणाली.